मीना सलमानची वेधशाळा

माझ्या सासुरवाडीत अशी समजूत होती की बहरीनमध्ये बर्फ पडतो. ती पसरवण्यात माझा हात नव्हता, पण ती मोडायच्या भानगडीतही मी कधी पडलो नाही. लग्नाच्या मांडवात कुणीतरी सासूबाईंना विचारलं, जावई तिकडं आखातात करतात काय, आणि सासूबाईंनी पानाला चुना लावता लावता सांगून टाकलं, "बर्फात असतात."

आता हे काही खोटं नव्हतं. मीना सलमानला, बंदराच्या अंगाला, गोठवलेल्या मालाचं एक गोदाम होतं आणि तिथं मी सुपरवायझर होतो. कोंबड्या, मासे, मटार, परदेशी गाईचं मांस, सगळं उणे वीसच्या खाली. बाहेर खारं वारं आणि तापलेलं डांबर, आत मी, कानटोपी घालून, नाकाखाली बर्फाच्या मिश्या घेऊन. सातारा जिल्ह्यातल्या एका मांडवात एवढा तपशील कोण ऐकणार?

पुढं माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा एकुलता एक धाकटा भाऊ, पलटणीबरोबर काश्मीरच्या वरच्या डोंगरांत जायचा झाला, तेव्हा सासूबाईंचं वाक्य पूर्ण झालं. "ल्योक बर्फात, जावईबी बर्फात," असं त्या आल्यागेल्याला सांगू लागल्या. दोघांच्याही कोटाची काळजी त्यांना सारखीच. माझ्या बर्फाला दरवाजा आहे, आणि चहाची वेळ झाली की मी तो ढकलून बाहेर येतो, हे त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही. मेहुण्यानं मात्र एकदाच टोला दिला. "दाजी, बर्फ त्योच, पण तुमच्या बर्फाला पगार जास्त."

वर जायच्या आधी तो सुट्टीवर आला होता आणि आम्हीही तेव्हा गावीच होतो. एका दुपारी ओसरीवर बसून त्यानं पिशवीतून लाल दोरीची एक गुंडी काढली. बारीक, हलकी, नायलॉनची दोरी.

"ही कमरेला बांधायची आणि मागं सोडून द्यायची," तो म्हणाला. "वर बर्फाचा कडा असतोय. तो सुटला अंगावर, तर माणूस जातंय खाली. दोरी हलकी, ती वर तरंगती. मागचा गडी दोरी बघतोय आणि उकरतोय."

"म्हणजे शेपूट," मी म्हणालो.

सगळे हसले. मेहुणाही हसला. बायको हसली नाही. तिनं दोरीचं एक टोक हातात घेतलं, दुसरं त्याच्याकडे दिलं आणि वाळत घालायची दोरी ओढून बघावी तशी दोनदा ओढून बघितली.

"तुटणार नाही ना?"

"तुटत न्हाई अक्का. मिलिट्रीची हाय."

मग तो बर्फ कसा असतो ते सांगायला लागला. सकाळी उन्हाच्या आधी निघायचं, दोघांत अंतर ठेवायचं, बोलायचं नाही. पण ओसरीवर बर्फातली माणसं दोन होती, आणि त्यातला एक मी होतो. मी मध्ये पडलो. बर्फाचं शास्त्र अगदी सोपं आहे, मी म्हणालो. जितका थंड, तितका घट्ट. भीती फक्त उन्हाची. थंडी कडक असेल तर कडा जागचा हलत नाही, आमच्या फ्रीझरच्या कॉइलवरचा बर्फ बघा, हातोडीनं निघत नाही.

"दाजी, तसं न्हाई," तो म्हणाला. "कधी कधी काय हुतंय, चांगली थंडी असतीया, बर्फबी घट्ट असतोय, पण खाली..."

तेवढ्यात चहा आला. मी कप उचलला आणि मटार गोठवायची पद्धत सांगायला सुरुवात केली. त्याच्या त्या वाक्याचं पुढं काय झालं, हे कुणीच विचारलं नाही.

सुट्टी संपवून आम्ही बहरीनला परत आलो आणि तो वर गेला. आमचा फ्लॅट मनामा शहरात होता, जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. संध्याकाळी मी घरी यायचो तेव्हा बोटांची टोकं पांढरी पडलेली असायची. कंपनीचे हातमोजे जाड होते, पण मालाच्या चिठ्ठ्या लिहायला ते काढावे लागत. बायको स्टीलच्या पातेल्यात कोमट पाणी करून ठेवायची, त्यात मी हात बुडवून बसायचो. आधी काही कळायचं नाही. मग मुंग्या, आणि मुंग्यांनंतर ठणका. तो ठणका सुरू झाला की बायको म्हणायची, "आली बोटं." मगच चहाचा कप मिळायचा, कारण त्याआधी एक कप माझ्या हातून फुटला होता. तो तिच्या माहेरचा होता, हे मला त्यानंतर बऱ्याचदा कळलं.

हिवाळा लागला तशी पातेल्यापाशी एक प्रश्न येऊ लागला.

"तिकडं बर्फ कसा आहे?"

पहिल्याच दिवशी "मला काय माहीत" म्हणालो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण कोमट पाण्यात हात, समोर बायको आणि तिच्या चेहऱ्यावर आपण जाणकार असल्याचा विश्वास, असं जुळून आलं की माझ्यासारख्या माणसाला गप्प बसवत नाही. मी म्हणालो, "थंडी चांगली आहे. बर्फ दगडासारखा झालाय. कडे जागेवर."

तिनं मान हलवली आणि कणीक मळायला घेतली. तिचे खांदे जरा खाली आले. मी ते माझ्या शास्त्राचं यश धरलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी माझं बुलेटिन सुरू झालं. खालच्या मजल्यावर पुण्याचे एक अकाउंटंट राहायचे, त्यांच्याकडे इंग्रजी पेपर यायचा. पेपरच्या कोपऱ्यात जगभरच्या शहरांचं तापमान छापलेलं असे. श्रीनगर असलं तर ठीक. नसलं तर दिल्लीचा आकडा घ्यायचा आणि त्यातून मनाला येईल तेवढं वजा करायचं. त्यात डिशवर बातम्यांमध्ये दिसलेला एखादा पांढरा डोंगर आणि माझा फ्रीझरचा अनुभव मिसळला की बुलेटिन तयार. मेहुण्याची चौकी श्रीनगरपासून किती लांब, किती उंच, कुठल्या डोंगराच्या कुशीत, यातलं मला काही ठाऊक नव्हतं. पलटणीतून त्याची पत्रं महिना-महिना फिरत यायची आणि त्यात "मी खुशाल आहे, काळजी नसावी" याच्यापुढं काही नसायचं.

अकाउंटंट रोज पेपर द्यायचे आणि रोज टोमणा मारायचे.

"काय वेधशाळा, आज अंदाज काय?"

"उत्तम आहे."

"नक्की सांगा हो. म्हणजे उलटं धरून चालायला बरं."

मुलगी तेव्हा शाळेत जाऊ लागली होती. आम्ही मराठीत बोलायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. तिनं मामाचं चित्र काढलं: पांढरा डोंगर, त्यावर हिरवा माणूस, आणि माणसाला मागं लांबलचक लाल शेपूट. "दॅट्स मामाज टेल," तिनं मला समजावून सांगितलं. शेपटाचा शोध कुणी लावला, हे तिला ओसरीवरून पाठ होतं. बायकोनं ते चित्र फ्रिजला चिकटवलं. ती दूध काढायला फ्रिज उघडायची तेव्हा शेपूट तिच्या हाताखालून जायचं.

त्या वर्षांत रमजान ऐन थंडीत येत होता. रमजानच्या आधी आमच्या गोदामावर कंटेनरची रांग लागायची. सगळ्या बहरीन बेटाला महिनाभर कोंबडी पुरवायची म्हटल्यावर फ्रीझरचा दरवाजा दिवसभर उघडाच. आणि दरवाजा उघडा म्हणजे समुद्राची सगळी ओल आत. ती ओल आत आली की हवेतच तिचा बर्फ होतो आणि जिथं जागा सापडेल तिथं बसतो. छताला, दिव्यांना, थंड हवा सोडणाऱ्या कूलरच्या पंख्यांना. आमच्या मोठ्या कूलरच्या वर पत्र्याचं एक उतरतं छप्पर होतं, त्यावर तर गावच्या कौलांवर गवत वाढावं तसा बर्फ वाढायचा. तो काढायचा म्हणजे हीटर लावून कूलर बंद ठेवायचा, वितळू द्यायचं, पाणी मोरीतून जाऊ द्यायचं. त्याला वेळ लागतो, आणि रमजानच्या आधी वेळ कुणाकडे असतो?

मी एक युक्ती काढली. दोन कंटेनरच्या मधल्या वेळात हीटर थोडा थोडा लावायचा. पूर्ण नाही, नुसता वरवर. ऑफिसात मी ही युक्ती मॅनेजरसाहेबांना समजावून सांगितली, तेव्हा त्यांनी मला शाबासकीसुद्धा दिली.

फोर्कलिफ्ट चालवणारा एक बहरीनी म्हातारा होता. तो मला मुदीर म्हणायचा, म्हणजे मॅनेजर, आणि म्हणताना डोळा बारीक करायचा. एक दिवस त्यानं फोर्कलिफ्टवरूनच वर बोट दाखवलं.

"मुदीर, ऊपर बरफ बहोत."

"बाद में. रमदान के बाद," मी म्हणालो.

"इंशाल्ला," तो म्हणाला. "बाद में" हा शब्द मी आमच्या ऑफिसात बऱ्याच जणांकडून ऐकला होता, त्याला हे उत्तर बरोबर बसलं.

त्याच आठवड्यात पेपरात श्रीनगरला ऊन पडल्याचं दिसत होतं. चार-पाच दिवस सलग ऊन. आणि मग डिशवर बातमी आली, खोऱ्यात भारी हिमवर्षाव, रस्ते बंद. बायकोनं पातेल्यात पाणी ओतता ओतता विचारलं. अकाउंटंट त्या दिवशी साखर मागायला वर आले होते, म्हणजे मला श्रोते दोन होते. मी रंगात आलो.

"याहून चांगलं काही होऊच शकत नाही," मी म्हणालो. "आता बघा. ऊन पडलं, वरचा थर जरासा वितळला. रात्री तो पुन्हा गोठला. म्हणजे झाली फरशी. आता नवा बर्फ पडतोय तो थेट फरशीवर. पाया पक्का."

"फरशीवरच घसरतं हो," अकाउंटंट म्हणाले. "मागच्या महिन्यात बाथरूममध्ये मी आडवा झालो ते विसरलात का? अजून उठताना कंबर धरावी लागते."

आम्ही सगळे हसलो. बायकोही हसली. त्या हिवाळ्यात ती हसलेली मला तेवढीच आठवते.

नंतर एका सकाळी मी मोठ्या कूलरखाली उभा होतो. फ्रीझरमध्ये पेन चालत नाही, शाई गोठते, म्हणून मी पेन्सिल वापरायचो. ती पेन्सिल हातातून सुटली. पडली ते मला कळलं नाही, कारण हातात आहे हेही कळत नव्हतं. ती घरंगळत मटाराच्या पॅलेटखाली गेली, आणि मी गुडघ्यावर बसून पॅलेटखाली हात घातला.

वर टक् असा आवाज झाला. अगदी लहान. कुणी बोट मोडावं तसा. आणि मग कुणीतरी गच्चीवरून गादी खाली टाकावी तसा एक दबका आवाज, माझ्या मागं, जिथं मी उभा होतो तिथं.

मी वळून बघितलं तेव्हा काही दिसत नव्हतं. हवेत पांढरी पूड तरंगत होती आणि दिव्याभोवती खळं पडलं होतं. पंखे चालू होते. पूड खाली बसली तसा ढीग दिसला. खाटेएवढे तुकडे होते. एका पॅलेटवरच्या कोंबड्यांचे खोके कागदासारखे चपटे झाले होते.

म्हातारा फोर्कलिफ्ट सोडून आला. ढिगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "खलास," तो म्हणाला. मग त्यानं माझ्या जॅकेटची बाही चिमटीत धरून बघितली, आत कुणी आहे का ते.

"पेन्सिल," मी म्हणालो.

"पेन्सिल," तोही म्हणाला, आणि खोके उचलायला लागला.

मी बर्फाचा एक तुकडा उचलला. वरची बाजू रव्यासारखी होती, बोटानं झडत होती. मी उलटून खालची बाजू बघितली. काचेसारखी गुळगुळीत. माझ्या त्या थोड्या थोड्या हीटरनं तेवढीच कामगिरी केली होती, फरशी घातली होती. तुकडा थंड होता, घट्ट होता, दगडासारखा होता. मी रोज संध्याकाळी जे जे म्हणत आलो होतो, ते सगळं त्यात होतं, आणि म्हणूनच तो खाली आला होता. चांगली थंडी असतीया, बर्फबी घट्ट असतोय, पण खाली... ओसरीवरचं ते वाक्य आता पुरं झालं होतं. ते मी हातात धरून उभा होतो आणि हाताला काही लागत नव्हतं.

संध्याकाळी पातेलं तयार होतं.

"तिकडं बर्फ कसा आहे?"

"बरा आहे," मी म्हणालो.

तिनं माझे हात बघितले. "आज जास्तच पांढरे पडलेत."

दुसऱ्या दिवशी पेपर घ्यायला मी खाली थांबलो. अकाउंटंटनी दार अर्धंच उघडलं.

"आज पेपर आला नाही," ते म्हणाले.

आखाती युद्धाच्या दिवसांत सायरन वाजत होते तेव्हासुद्धा तो पेपर आला होता. मी तिथंच उभा राहिलो. त्यांचा एक हात पाठीमागं होता. आम्ही दोघंही जिन्यातल्या दिव्याकडे बघत होतो. मग त्यांनी मला वेधशाळा न म्हणता आडनावानं हाक मारली आणि म्हणाले, "आत या जरा."

बातमी चार ओळींची होती. काश्मीरमध्ये एका पुढच्या चौकीवर हिमकडा कोसळला, काही जवान बेपत्ता, शोध सुरू. चौकीचं नाव नव्हतं, पलटणीचं नव्हतं. मी त्या चार ओळी परत परत वाचल्या. मग, कशासाठी कुणास ठाऊक, कोपऱ्यातलं तापमान बघितलं. त्या दिवशी श्रीनगर छापलेलं होतं.

"पाणी देऊ का?" अकाउंटंट म्हणाले.

"वर तयार असेल," मी म्हणालो.

जिना चढताना मी वाक्यं जुळवत होतो. त्या जिन्यावर मी आजवर किती बुलेटिनं रचली होती, पण वर पोचेपर्यंत एकही वाक्य झालं नाही. पाणी तयार होतं. मी हात घातले.

"तिकडं बर्फ कसा आहे?"

"माहीत नाही."

ती भाकरी थापत होती, तिचे हात थांबले. "म्हणजे?"

मी पेपरातलं सांगितलं. आदल्या दिवशी आमच्या कूलरवरून काय पडलं, तेही सांगितलं. तिनं गॅस बंद केला. अर्धी थापलेली भाकरी परातीत तशीच राहिली.

"त्या दिवशी तुम्ही फरशी म्हणाला होतात," ती म्हणाली.

"हो."

"मग?"

"फरशीवरून घसरतं."

दूध नासलंय असं सांगितल्यावर मान हलवावी तशी तिनं मान हलवली. हाताचं पीठ परातीच्या कडेला पुसलं. मग म्हणाली, "पाणी गार होतंय. हात हलवा."

पुढचे दिवस कसे गेले, असं लोक विचारतात तेव्हा मी मोठं काहीतरी सांगायला तोंड उघडतो आणि काही सापडत नाही. ते दिवस गेले, एवढंच. मला रडू आलं नाही, भूक कमी झाली नाही, झोपही लागायची. मी जॅकेट न काढताच घरी यायला लागलो, आणि बायको ते अंगावरून उतरवून घ्यायची. ती रोज संध्याकाळी बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावायची, वंदना म्हणायची. नेहमीएवढीच. जास्त नाही, कमी नाही. मग पातेलं. मग तोच प्रश्न, मग माझं तेच उत्तर, आणि मग भाकरी. मुलीनं एकदा मधेच विचारलं, "बाबा, डोंट यू नो एनीथिंग नाऊ?" मी नाही म्हणालो. तिनं ते सहज मान्य केलं.

सासूबाईंच्या गावात फोन एकाच ठिकाणी होता, किराणा दुकानात. फोन करायचा, दुकानदाराला निरोप द्यायचा, आणि थोड्या वेळानं परत फोन करायचा, तोवर कुणीतरी जाऊन सासूबाईंना घेऊन यायचं. पहिल्यांदा बायको त्यांच्याशी बोलली. तार आली नव्हती, पत्र आलं नव्हतं, पलटणीकडून काही कळलं नव्हतं. तिकडं कडा कोसळल्याचं सासूबाईंनी ऐकलं होतं, आणि माझ्या कड्याचंही बायकोकडून ऐकलं. मग त्यांनी मला फोनवर बोलावलं.

"तुमच्या अंगावरबी आला म्हनं."

"थोडासा, आत्या."

"लागलं न्हाई न्हवं?"

"नाही."

"कडा बघून चालत जावा. आणि हे बघा," सासूबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्यो दिसला तिकडं तर सांगा, आईनं जेवून घ्यायला सांगितलंय."

दुकानात कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं, मग कुणीतरी त्याला गप्प केलं. "सांगतो," मी म्हणालो.

गोदामावर मी भलतंच एक काम केलं. सगळे कूलर बंद करून हीटर लावायचा हुकूम दिला. रमजान तोंडावर, बाहेर कंटेनर उभे, मॅनेजरसाहेब ऑफिसातून पळत आले. मी म्हणालो, सगळा बर्फ काढायचा. त्यांनी विचारलं, आत्ताच का? मी म्हणालो, आत्ताच. माझ्या तोंडाकडे बघून ते बाहेर जाऊन सिगारेट ओढत बसले. बर्फ निघाला, पण मोरी तुंबलेली होती, ते बघायचं मी विसरलो. पाणी जमिनीवर पसरलं, आणि कूलर परत चालू केल्यावर ते तिथंच गोठलं. या गोदामात फरश्या घालायचं काम जणू माझ्याकडेच होतं. म्हाताऱ्यानं फोर्कलिफ्ट आत आणली ती गोल फिरली, एकदा नव्हे, दोनदा, आणि दरवाज्याकडे तोंड करून थांबली. तो वर बसलेलाच होता.

"मुदीर," तो म्हणाला, "मैं घर जाता."

आणि तो खरंच घरी गेला. दुसऱ्या दिवशी येताना आमच्यासाठी फडक्यात बांधून खजूर घेऊन आला. कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक.

फोन एका शुक्रवारी दुपारी आला. बायकोनं उचलला. मी दारात उभा होतो. ती नुसती "हं" म्हणत होती. हं. हं. मग, "जेवलास का?" मग बराच वेळ ऐकत राहिली. मग रिसीव्हर माझ्याकडे दिला आणि आत जाऊन परातीत पीठ घेतलं. दुपारचं जेवण झालेलं होतं. तरी तिनं पीठ घेतलं.

"दाजी," तो म्हणाला.

"बोल."

आमच्या शब्दांत अंतर पडत होतं, लाईनच तशी होती. तो खाली आला होता, तळावर. पायाची दोन बोटं काळी पडली होती, ती राहतील की नाही ते डॉक्टर बघत होते.

"मी मागं होतो," तो म्हणाला. "पुढचा गेला. माझ्यापुढचाच. दोरी दिसली आम्हाला, लाल. वरच होती."

"हं."

"वढली. लांबच्या लांब आली. शेवटाला कोण न्हाई."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. 

"गाठ सुटली हुती," तो म्हणाला. मग म्हणाला, "आम्हीबी तिला शेपूटच म्हणायचो. मी सांगितलं हुतं सगळ्यांस्नी, आमचे दाजी असं म्हणतात. चौकीत सगळी तेच म्हणायची."

लाईनवर वाऱ्यासारखा आवाज येत होता. तो वारा नव्हता, लाईनच तशी होती.

"त्या दिवशी मी काय सांगत हुतो, चहा आला तवा," तो म्हणाला, "ध्यानात हाय का?"

"आहे."

"असू द्या," तो म्हणाला. "बोटं बरी झाली की परत वर." आणि लाईन गेली.

मी स्वयंपाकघरात गेलो. बायको पिठात पाणी घालत होती. मुलीनं विचारलं, "इज मामा ओके?" आणि तिनं हो म्हणून सांगितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला काय म्हणाला?"

"दोरी तुटली नाही म्हणाला."

"बरं," ती म्हणाली.

मेहुण्याची बोटं राहिली. थंडीत ती आता दुखतात, आणि पाऊस यायचा असला तर त्याला आधी कळतं, असं तो सांगतो. त्या वेळी त्याला फेब्रुवारी सरता सरता परत वर पाठवलं. तसं पत्र आलं, खुशाल आहे, काळजी नसावी. पेपर अकाउंटंटकडे रोज येत राहिला. ते तो मला घडी करून द्यायचे, तापमानाचा कोपरा आत घालून. परत वेधशाळा म्हणायला त्यांना बरेच महिने लागले, आणि म्हणाले तेव्हा मला बरं वाटलं.

पत्र आलं त्या संध्याकाळी मी जॅकेट दारातच काढलं. बायकोनं पातेलं पुढं सरकवलं. मी हात घातले.

"तिकडं बर्फ कसा आहे?"

"माहीत नाही."

"आणि तुमच्याकडं?"

"आज सगळा काढला. मोरी बघून."

तिनं पातेल्यात थोडं कढत पाणी ओतलं. फ्रिजवरच्या चित्राची एक कड सुटली होती, ती तिनं अंगठ्यानं दाबून परत चिकटवली आणि माझ्यासमोर येऊन बसली. आम्ही दोघंही पाण्याकडे बघत होतो. बराच वेळ काही कळत नव्हतं. मग करंगळीपासून सुरुवात झाली.

"दुखतंय," मी म्हणालो.

"दुखू दे," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.